पाहुणी पानफुटी

गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळेत दहावीच्या विज्ञानात शाकीय प्रजननाचा भाग आला, की शिक्षकांना आकृतीवर फार विसंबावं लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकात बटाट्याच्या डोळ्याशेजारी पानफुटीचं उदाहरण दिलेलं आहे, आणि पानफुटी शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर कुणाच्या ना कुणाच्या अंगणात असतेच. पोरगं धावत जातं, एक पान तोडून आणतं. पान वहीत ठेवलं जातं. आठपंधरा दिवसांनी वही उघडली, तर पानाच्या कडेच्या खाचांतून केसासारखी मुळं आणि मुगाच्या दाण्याएवढी दोन-दोन पानं बाहेर आलेली दिसतात. माती नाही, पाणी नाही, तरी झाड तयार. विज्ञानाच्या पुस्तकातले फार थोडे प्रयोग असे बिनखर्चात आणि बिनचूक होतात.

झाड ओळखायला सोपं आहे. खालची पानं एकेरी, वरची तीन किंवा पाच पर्णिकांची. जाड, रसाळ, कडेला करवतीपेक्षा मऊ अशा गोलसर खाचा आणि त्या खाचांवर जांभळट रेघ. खोड पोकळ, लालसर, पेरापेरांचं. पावसाळाभर ते नुसतं वाढतं. दिवस लहान होऊ लागले, की शेंड्यातून एक उंच दांडा निघतो आणि त्याला उलटी टांगलेली फुलं लागतात. बाहेरचा कागदासारखा फुगीर हिरवा-गुलाबी कोश, त्यातून डोकावणारं लालसर फूल. मुलं हे कोश दोन बोटांत धरून फट्‌कन फोडतात. भाताची कापणी आटोपून झाडीपट्टीत मंडई भरतात, शंकरपट होतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करत फिरतात, त्या सगळ्या हंगामात पानफुटी फुलावर असते. तिला तेलाच्या पिचक्या डब्यात लावा, फुटक्या माठाच्या बुडात लावा, सांदवाडीच्या कुडाशी लावा, तिची तक्रार नसते.

इतकं सवयीचं झाड असल्यामुळे ते इथलंच, पूर्वापार चालत आलेलं, असं गावात सगळे धरून चालतात. मोह, तेंदू, चारोळी, पळस यांच्याबाबतीत ते खरंही आहे. गडचिरोलीतल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं आणि त्यांचं झाडांबद्दलचं ज्ञान डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात नोंदवलं आहे. ते वाचताना कळतं की जंगलातल्या झाडांची ओळख इथे किती खोल आणि किती पिढ्यांची आहे. पानफुटीची गोष्ट मात्र वेगळी. ती या मातीत पाहुणी म्हणून आली. आणि तिच्या येण्याची तारीख, निदान हिंदुस्थानापुरती, बऱ्यापैकी नेमकी सांगता येते.

पानफुटीचं माहेर मादागास्कर. तिथून ती हिंदी महासागरातल्या बेटांवर पसरली. १७८६ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं. १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांकडून मोलुक्का ही मसाल्याची बेटं घेतली आणि जायफळ-लवंगेची रोपं आपल्या ताब्यातल्या मुलखात लावायची धडपड सुरू केली. त्या बेटांवरून हिंदुस्थानाकडे रोपांचा ओघ वाहू लागला, तो पैशाच्या पिकांसाठी. त्याच ओघात १७९९ मध्ये लेडी क्लाइव्ह यांच्यामार्फत पानफुटी मोलुक्कांहून कलकत्त्याच्या कंपनी बागेत पोचली. या बाई म्हणजे मद्रासच्या तत्कालीन गव्हर्नरच्या पत्नी हेन्रिएटा, प्लासीवाल्या क्लाइव्हच्या सूनबाई. झाडं-दगड जमवण्याचा त्यांना नाद होता. कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख होता विल्यम रॉक्सबर्ग. कुठलं रोप कुणी, कुठून, कोणत्या वर्षी दिलं याची नोंद ठेवण्याची त्याची शिस्त होती, म्हणून हे आज सांगता येतं. जायफळासाठी केवढे खटाटोप झाले. पानफुटीसाठी कुणी काही केलं नाही. पसरली मात्र तीच.

लंडनमध्ये १८०५ साली सॉल्सबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘ब्रायोफायलम’ हे नाव दिलं. जर्मनीत वायमारला महाकवी गटेच्या हाती ती लागली आणि म्हातारपणी तो तिच्या अक्षरशः प्रेमात पडला. एका पानात अख्खं झाड दडलेलं असतं, ही गोष्ट वनस्पतींच्या घडणीबद्दल त्याने आयुष्यभर जे म्हटलं होतं त्याच्याशी जुळणारी होती. तो खिडकीत तिच्या कुंड्या ठेवी आणि मित्रमैत्रिणींना तिची पानं, पिल्लं पाठवी. आजही जर्मनीत हे झाड गटेच्या नावाने ओळखलं जातं. चामोर्शी-आरमोरीकडची बाई शेजारणीला पान तोडून देते आणि वायमारचा मंत्री-कवी पाकिटातून पान पाठवतो, ही एकच रीत आहे.

पण या झाडाच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान हिंदुस्थानातच लिहिलं गेलं, आणि ते लिहिणारा माणूस बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. त्याचं नाव बेंजामिन हाइन. हा जर्मन गृहस्थ मोरावियन मिशनबरोबर तरंगमबाडीला आला आणि पुढे मद्रास सरकारच्या नोकरीत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. सिरोंच्याजवळ प्राणहिता ज्या गोदावरीला मिळते, तिच्या मुखाकडच्या प्रदेशात सामलकोट इथे कंपनीची बाग होती. तिथेही त्याने काम केलं. हाइनने पानफुटीचं पान चाखलं. सकाळी चाखलं, तेव्हा ते चुक्यासारखं आंबट लागलं. जसजसा दिवस वर चढला तसतसा आंबटपणा कमी होत गेला, दुपारी पान बेचव झालं आणि संध्याकाळच्या सुमारास थोडं कडवट. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आंबट. हे निरीक्षण त्याने लंडनच्या लिनिअन सोसायटीचे उपाध्यक्ष लॅम्बर्ट यांना पत्रातून कळवलं आणि ते १८१५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. उपकरण कोणतं? जीभ.

त्या चवीचा अर्थ लागायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. साधारण झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वेळी पाणीही गमावतात. पानफुटी आणि तिच्यासारखी बरीच रसाळ झाडं हा व्यवहार रात्री उरकतात. रात्रीच्या गारव्यात रंध्रं उघडायची, वायू आत घ्यायचा, मॅलिक आम्लाच्या रूपाने पानात साठवून ठेवायचा; सूर्य उगवला की दारं बंद करून, साठवलेल्या मालावर उजेडात अन्न शिजवायचं. सकाळी पान आंबट लागतं ते रात्रभर साठलेल्या या आम्लामुळे, आणि दिवसभरात ते खर्ची पडतं म्हणून संध्याकाळी आंबटपणा उरत नाही. या प्रक्रियेला आज जे नाव आहे, ‘क्रॅसुलेशियन आम्ल चयापचय’, ते पानफुटीच्याच कुळावरून पडलं. फ्रेंच भाषक शास्त्रज्ञ द सोस्यूर याने १८०४ मध्ये निवडुंगाबाबत काहीसं असंच पाहिलं होतं, पण पानाची चव दिवसाच्या प्रहरानुसार बदलते हे स्पष्ट सांगणारा पहिला माणूस हाइन.

चंद्रपूरकरांना या शोधाचं महत्त्व वेगळं पटवून द्यायला नको. मे महिन्यात तिथला पारा ४६-४७ अंशांच्या घरात जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं दरवर्षी झळकतात. अशा उन्हात गुलाब, मोगरा रोज दोन वेळा पाणी मागतात. पानफुटी आठवडाभर विसरली तरी चालते. पानं जरा मलूल होतात, कडा तांबूस पडतात, आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला की जणू काही झालंच नव्हतं.

हे झाड या जंगलमुलखात रुजावं अशी परिस्थिती एकोणिसाव्या शतकात तयार होत गेली. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजी अमलात आला. १८६० च्या दशकात गोदावरीतून बोटी चालवण्याची योजना निघाली, सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं; तेलुगू मुलखातली माणसं, कारकून, कंत्राटदार वर चढले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. वरोऱ्याला कोळसा निघाला, तिथवर रेल्वे आली. सागवानासाठी वनखात्याचे बंगले, डेपो, नाकी उभी राहिली. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ मार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास सलग जोडली गेली. प्रत्येक बंगल्यापुढे, प्रत्येक क्वार्टरच्या ओट्यावर कुंड्या मांडल्या गेल्या. कुंडीतलं कुठलं झाड माणसाबरोबर सहज जातं? ज्याचं एक पान रुमालात बांधून नेता येतं ते.

स्वातंत्र्यानंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना चामोर्शी-मुलचेऱ्याच्या भागात वसवलं गेलं. या गावांत पानफुटी पाथरकुची म्हणून ओळखली जाते. सिरोंच्याकडे तेलुगू घरांत तीच रणपाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतर शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, परिचारिका यांच्या बदल्यांचं चक्र सुरू झालं. बदली झाली, की ट्रकमध्ये पलंग, कपाट, सायकल आणि शेवटी मागच्या फळीला टेकवलेल्या चार कुंड्या, हे दृश्य या जिल्ह्याने खूप पाहिलं आहे. ज्या जिल्ह्यात कित्येक वर्षं वडसा हे एकच रेल्वे स्टेशन होतं, तिथे एवढ्या भाषांच्या आणि एवढ्या मुलखांच्या माणसांच्या दारात एकच झाड दिसावं, ही बाजाराची करामत नव्हे. पानफुटी विकत कुणी घेत नाही. ती मागून आणतात, देताना कुणी हात आखडत नाही, कारण देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही.

मागून आणण्याचं एक मोठं कारण म्हणजे मुतखडा. रोज सकाळी अनशापोटी पानफुटीचं पान चावून खा, खडा विरघळतो, असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात सापडतो. हे ज्ञान ‘आयुर्वेदातलं’ म्हणूनही सांगितलं जातं. इथे इतिहास जरा अडवतो. प्राचीन संहितांतला अश्मरीवरचा, म्हणजे मुतखड्यावरचा, पाषाणभेद ही हिमालयाकडची वेगळी वनस्पती आहे. १७९९ मध्ये बागेत आलेलं झाड त्या ग्रंथांत असणं शक्य नाही. पर्णबीज हे पानफुटीचं संस्कृत नाव नंतरचं. म्हणून लोकांचा अनुभव टाकाऊ ठरत नाही. उलट, दीड-दोनशे वर्षांत एका परक्या झाडाची पारख करून त्याला औषधाच्या पंगतीला बसवणं ही लोकवैद्यकाच्या जिवंतपणाची खूण आहे. पण दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पानफुटी आणि तिच्या भावंडांत हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड जातीची विषारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात या कुळाची झाडं चरून गुरं दगावल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. मुतखड्याच्या कळा येत असताना सोनोग्राफी टाळून महिनोन्महिने पानं खात बसणं धोक्याचं आहे. मूत्रपिंडाला इजा व्हायला तेवढा वेळ पुरतो.

आता या झाडाच्या निगेकडे, आणि आधी छाटणीकडे. पानफुटीचा फुलोरा संपला, की दांडा वाळतो आणि झाड बोडकं, लंगडं दिसू लागतं. खालची पानं झडलेली, वर वाळकी काडी. पुष्कळ जण इथे झाड मेलं असं समजून उपटून टाकतात. जाणत्या बाया तसं करत नाहीत. फाल्गुन-चैत्रात, ऊन चढण्याआधी, त्या फुलाचा दांडा बुडापासून छाटतात आणि उंच वाढलेलं खोड जमिनीपासून दोन-तीन पेरं ठेवून तिरकं कापतात. काप सावलीत दोन दिवस सुकू देतात, पाणी मुळीच घालत नाहीत. ओल्या कापावर बुरशी धरते. शेंडा गेला की खालच्या पेरांतले झोपलेले डोळे जागे होतात आणि एका काठीच्या जागी दोन-तीन फांद्यांचं भरदार झाड तयार होतं. छाटलेल्या काड्यांचे वीतभर तुकडे करून तेही सुकवून लावतात. माती मुरमाड, त्यात वैनगंगेची रेती आणि मुरलेलं शेणखत थोडं. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलीच पाहिजेत, कारण इथला पाऊस १,३०० मिलिमीटरच्या वर पडतो आणि उन्हाने न मरणारी पानफुटी साचलेल्या पाण्याने आठ दिवसांत सडते.

पान लावायचं, तर निबर पान घ्यावं. कोवळ्या पानात साठा नसतो. ते पुरायचं नाही, ओलसर मातीवर नुसतं आडवं ठेवायचं. आणि ते तोडलेलंच हवं. झाडावर असेपर्यंत पानफुटीच्या पानाला सहसा पिल्लं फुटत नाहीत. हे असं का, याचा पिच्छा अमेरिकेत जॅक लोएब या शास्त्रज्ञाने पुरवला. आयुष्याच्या शेवटच्या कित्येक वर्षांत तो या झाडावर प्रयोग करत राहिला. त्याचं पुनर्जननावरचं पुस्तक १९२४ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, निघालं. त्याने समोरासमोरची जुळी पानं घेतली, एक पूर्ण ठेवलं, दुसरं कापून लहान केलं, आणि दोन्हींतून निघालेल्या पिल्लांचं वजन केलं. पिल्लांचं वजन पानाच्या वजनाच्या प्रमाणात निघालं. पानात जेवढा साठा, तेवढीच संतती. खोडाला जोडलेलं असताना पानातला रस खोडाकडे ओढला जातो, खाचांच्या वाट्याला येत नाही, असं त्याने मांडलं. त्यात पुढे संप्रेरकांचं ज्ञान भर घालत गेलं, पण लोएबचे आकडे टिकून राहिले. निबर पान निवडणाऱ्या बाईचा हिशोब आणि लोएबच्या तराजूचा हिशोब जुळतो.

अलीकडे रोपवाटिकांच्या हातगाड्यांवर पानफुटीची एक नटवी बहीण दिसू लागली आहे. बुटकी, गर्द हिरवी, लाल-पिवळ्या-केशरी फुलांचे झुबके असलेली ‘कलांचो’. हीसुद्धा मूळची मादागास्करची; जर्मनीतल्या पॉट्सडामच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या बियाणेवाल्याने १९३२ मध्ये तिला बाजारात आणलं आणि तिच्या शास्त्रीय नावात त्याचं नाव राहिलं. ती विकत आणावी लागते, आणि बहुतेक घरांत पहिला बहर संपला की टाकली जाते. तसं करायचं कारण नाही. सुकलेले झुबके पहिल्या पानांच्या जोडीपर्यंत छाटावेत. पुन्हा फूल हवं असेल तर महिना-दीड महिना रोज चौदा तास अंधार द्यावा. ओट्यावरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ती फुलत नाही. पान मांडून ठेवण्याची युक्ती मात्र हिला सहसा चालत नाही, फांदीचा शेंडा खोचावा.

पानावरून पसरलेलं दुसरं झाड म्हणजे घरोघरचं ‘ब्रह्मकमळ’. रात्री उमलणारं ते मोठं पांढरं फूल मेक्सिकोकडच्या एका निवडुंगाचं आहे, हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचं काही नातं नाही. ज्याला पान म्हणतात ते चपटं खोड. तेही शेजाऱ्याकडून आणलं जातं आणि फुलण्याच्या रात्री त्याच शेजाऱ्याला बोलावलं जातं.

पाहुणी असूनही पानफुटीने इथल्या एका जिवाला आसरा दिला, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. रेड पिएरो नावाचं एक चिमुकलं फुलपाखरू आहे: वरून काळं, मागच्या पंखांवर केशरी-लाल पट्टा, खालून पांढरं आणि काळ्या ठिपक्यांचं. त्याच्या अळ्या पानफुटीच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधला गर खात बोगदा करत जाते. पान उजेडात धरलं तर आत काळसर विष्ठेची रेघ आणि तिच्या टोकाला अळी दिसते. असं पान दिसलं की फवारणी करू नये. झाडाला दुसरं पान फुटायला वेळ लागत नाही.

शेवटी गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकांसाठी एक कळकळीची विनंती. पानफुटी ज्या कलकत्त्याच्या बागेत आली, त्याच बागेत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोभेचं झुडूप म्हणून घाणेरी आणली गेली होती. आज घाणेरीने मध्य भारताच्या जंगलांत गवताची जागा बळकावली आहे आणि ती उपटून काढण्यावर वनखात्याचे पैसे आणि मजुरांचे हात खर्ची पडत आहेत. हवाई आणि गॅलापागोस बेटांवर पानफुटीनेही असाच उच्छाद मांडला आहे. गडचिरोलीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अजून जंगल आहे. म्हणून पानफुटी जरूर लावा, छाटा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या. पण छाटलेली पानं आणि काड्या नाल्यात, रस्त्याकडेला किंवा जंगलाच्या काठावर फेकू नका, शेळ्या-गुरांपुढेही टाकू नका. टिनाच्या पत्र्यावर कडक उन्हात कोळपून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, आणि मगच खताच्या खड्ड्यात टाका.